आडनावाची मुलाखत

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे.)



मला इथं 'बेकारी आणि दलित तरुण' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे. त्याच्यावर मोठी माणसं बोलतील, आकडे देतील, ठराव मांडतील. मी एका दिवसाबद्दल बोलणार आहे. एका मुलाखतीबद्दल. इथं बसलेल्या निम्म्यांनी अशी मुलाखत दिलेली असेल, उरलेले देणार आहेत. पण ती कुणी कुणाला सांगत नाही. घरी येऊन आपण म्हणतो, "नाही झालं. इंग्लिश कमी पडलं." आई म्हणते, "असू दे, दुसरं बघू." आणि ते मढं तिथंच पुरलं जातं. मी आज ते उकरणार आहे. वास येईल. बसून राहा.

जून २०१८ ची गोष्ट. मला बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं. टॅलीचा कोर्स केला होता, त्याची फी आईनं बचत गटातून उचलली होती. एका सी.ए.कडे सहा महिने फुकट राबलो होतो. "अनुभव मिळतो ना," असं तो म्हणायचा. जीएसटी येऊन वर्ष होत आलं होतं, बाजारात सगळे दुकानदार गोंधळलेले. त्यांची रिटर्नं मी भरत होतो. फुशारकी मारत नाही, पण त्या वेळी ज्या कामाला माणूस मिळत नव्हता ते काम मला येत होतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचा विषयच निघणार नाही.

जाहिरात होती: अकाउंट्स असिस्टंट पाहिजे, लोअर परळ, पगार मुलाखतीत ठरेल. कंपनीचं नाव सांगत नाही. का सांगत नाही, ते शेवटी सांगतो.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो. तिथून लोअर परळ चालत जायच्या अंतरावर. ज्या कंपाउंडात ते काचेचं ऑफिस, तिथं पूर्वी गिरणी होती. त्याच गिरणीत माझा पणजोबा रिंग खात्यात होता. आजोबा पण तिथंच लागला, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडला तो कायमचाच. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्या संपात. म्हणजे त्या गेटातून आत जाणारा मी आमच्या घरातला पहिला नव्हतो. फक्त इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा पहिला.

सकाळी दहाची वेळ दिली होती. मी साडेनऊला हजर. आम्ही सहा जण होतो. अकरा वाजले, बारा वाजले. साहेब मीटिंगमध्ये. मग साहेब फोनवर. मग साहेब जेवायला. साडेअकराला एक पोरगा आला, कुणाला काही न विचारता सरळ आत गेला. आतून हसण्याचा आवाज आला, मागोमाग चहा गेला. आम्ही बाहेर फाइली मांडीवर घेऊन बसलेलो. एक पोरगी दोन वाजता उठून गेली, तिला पनवेल गाठायचं होतं. मला अडीचला आत बोलावलं. साडेचार तास! कुणी साधं 'थांबावं लागलं' असंही म्हणालं नाही. बेकाराच्या वेळेला भाव नसतो, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

मालक स्वतःच मुलाखत घेत होता. आपलाच मराठी माणूस. समोर डबा उघडा, एक हात भातात, दुसऱ्या हातात मोबाइल.

"बायोडाटा?"

"सर, मेल केला होता."

"तो कोण बघतो? दुसरा आहे का?"

दिला. त्यानं वाचला नाही. फक्त वरची ओळ वाचली.

"जाधव. कुठले जाधव?"

मित्रांनो, हा प्रश्न तुम्हाला पाठ आहे. कांबळेला कुणी 'कुठले कांबळे' विचारत नाही, गायकवाडला विचारतात, पवारला विचारतात, जाधवला विचारतात. आडनावानं जात कळली नाही की या लोकांना गुदमरायला होतं.

मी म्हटलं, "साताऱ्याकडचे."

"अरे वा! म्हणजे आपलेच की. गाव कुठलं?"

गाव सांगितलं.

"तिथले पाटील आमचे पाहुणे. त्यांच्या वाड्याजवळ का तुमचं घर?"

मी म्हटलं, "जरा लांब पडतं."

खोटं बोललो नाही. महारवाडा लांबच असतो. पण खरंही बोललो नाही, आणि का नाही बोललो ते मला माहीत होतं. कारण त्या 'आपलेच की' नंतर त्याचा चेहरा सैल झाला होता. त्यानं मोबाइल उलटा ठेवला, डबा बाजूला सारला. "बसा हो, आरामात बसा. तुमच्यासारखी चांगल्या घरातली पोरं हवीत आम्हाला. हल्ली कोण कुठून येतं, काही भरवसा नाही." मला 'अहो जाहो' चाललेलं. चहा सांगितला.

दहा मिनिटं, मित्रांनो. दहा मिनिटं मी 'आपला' होतो. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. खुर्ची मऊ लागली. तोपर्यंत ना टॅली विचारलं होतं ना मार्क, तरी नोकरी मिळाल्यासारखं वाटत होतं. तेव्हा मला कळलं की यांची पोरं मुलाखतीला जातात तेव्हा आत शिरतानाच त्यांची अर्धी मुलाखत झालेली असते. आपण ज्याला घाबरून पाठांतर करून जातो, ते त्यांच्यासाठी पाहुण्याच्या घरी चहाला जाणं असतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सहा-सात वर्षं लागली.

त्या दहा मिनिटांत दार उघडलं आणि एक बाई पाणी घेऊन आली. हाउसकीपिंगचा निळा कोट. ऑफिसातले सगळे तिला 'मावशी' म्हणत होते. ती माझी काकी होती. सख्खी नाही. आमच्याच चाळीतली, दोन दारं सोडून राहणारी. माझ्या आईला ताप आला तर आमच्याकडं भाकऱ्या थापणारी. मी बारावी झालो तेव्हा अख्ख्या मजल्याला पेढे वाटणारी. तिनं ग्लास माझ्यापुढं ठेवला. मी फाइलीत बघत राहिलो. एक कागद काढला, पुन्हा आत घातला. मान वर केली नाही. ती गेली.

मालक म्हणाला, "ओरिजिनल आणलेत ना? जन्मतारखेला शाळेचा दाखला द्या."

शाळा सोडल्याचा दाखला. एल.सी. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय तो कागद. एका ओळीत नाव, एका ओळीत जन्मतारीख. आणि आणखी एका ओळीत जात. शाळेत गुरुजीनं जे लिहिलं ते जन्मभर आपल्या फाइलीत. त्यानं बोट फिरवत फिरवत त्या ओळीवर आणलं. बोट थांबलं.

दार पुन्हा उघडलं. काकी दोन कप घेऊन आली होती. त्यानं एक घेतला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "दुसरा बाहेर अकाउंटंटला द्या." काकी क्षणभर उभी राहिली. मग कप घेऊन गेली.

आणि पुढचं वाक्य तो बोलला, "तू मघाशी सांगितलं नाहीस."

तू. ऐकलं का? कागदावरची एक ओळ वाचली आणि 'तुम्ही'चा 'तू' झाला. तेवढ्या वेळात माझं वय कमी झालं नव्हतं, माझी डिग्री पुसली गेली नव्हती. मराठी व्याकरणात आदरार्थी बहुवचन शिकवतात. ते कुणाला कधी लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, हे आपल्याला अशा ठिकाणी शिकायला मिळतं.

मग जी झाली तिला मुलाखत म्हणत नाहीत. पोलीस चौकीत होते ती.

"तीन जानेवारीला कुठं होतास?" भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतरचा तो महाराष्ट्र बंद, २०१८ सालचा. "आमचा माल दोन दिवस अडकला तुमच्यामुळं."

"बी.कॉम. कसं झालास? पास व्हायला तुम्हाला मार्क कमी लागतात ना?"

मी म्हटलं, "पासिंग सगळ्यांना सारखंच असतं, सर."

"असं म्हणतोस? बरं. चौदा एप्रिल, सहा डिसेंबरला सुट्ट्या लागतील तुला."

मी गप्प.

"माझं म्हणशील तर मी जात मानत नाही. माझा ड्रायव्हर तुमच्यातलाच आहे. घरच्यासारखा आहे."

आणि शेवटी, "अकाउंट्सचं बघू पुढं. ऑफिसबॉयची जागा आहे. बँकेत चेक टाकायचे, पार्सलं न्यायची. आठ हजार. ओरिजिनल सर्टिफिकेटं इथं ठेवून जायची, वर्षाचा बॉण्ड आहे. पोरं पळून जातात."

डेबिट-क्रेडिटचा एक शब्द नाही. टॅली नाही, जीएसटी नाही. ज्या कामासाठी बोलावलं त्या कामाचा एकही प्रश्न त्या खोलीत निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? टेबल उलटवलंस? दोन शिव्या हासडल्यास? इथं कवितेत तसं लिहिता येतं. मी माझी सर्टिफिकेटं गोळा केली आणि म्हटलं, "विचार करून सांगतो, सर." सर म्हटलं मी त्याला. जिना उतरताना पाय कापत होते, आणि राग कुणाचा आला होता? स्वतःचा. एल.सी. का नेला? साताऱ्याचं का सांगितलं? बघा, अपमान त्यानं केला आणि फिर्याद मी माझ्यावरच दाखल करत होतो.

रात्री काकी आली. दारातच बसली. मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो. ती म्हणाली, "बाळा, ती जागा सोमवारीच भरली रे. मालकाच्या मेव्हण्याचा पोरगा. सकाळी आत गेला ना, तोच. त्याला काय येत नाय, शिकवायला माणूस ठेवलाय."

"मग आम्हाला कशाला बोलावलं?"

"पेपरात दिलं होतं म्हणून. आणि तुमच्यातलाच एखादा स्वस्तात शिपाई म्हणून गावला तर गावला."

मग ती हळूच म्हणाली, "मी तुला वळख दाखवली नाय. म्हटलं, पोराचं काम होतंय, माझ्यापायी नको अडायला."

मित्रांनो, मी दिवसभर समजत होतो की मी तिला टाळलं. त्या बाईनं तर मला आधीच झाकलं होतं. माझी जात झाकायला ती स्वतः अनोळखी झाली होती. मी त्या रात्री जेवलो नाही.

आता कुणी म्हणेल, एक मालक नालायक निघाला, त्यात व्यवस्था कुठं आली? असले मालक सगळ्यांनाच भेटतात. भेटतात ना. ताटकळत ठेवणारा, जागा भरून मुलाखती घेणारा, कागद अडकवून ठेवणारा मालक बामणाच्या पोरालाही भेटतो. बाहेर बसलेल्या सहा जणांत कुठल्या कुठल्या जातीचे होते मला माहीत नाही, फसवले सगळेच गेले. पण त्यातल्या कितीजणांच्या चहाचा कप दारातून परत गेला?

माझ्या पणजोबाची मुलाखत ऐका. त्या काळी गिरणीत भरती जॉबर करायचा. रिंग खात्यात आमची माणसं चालायची. साचे खात्यात, म्हणजे विणाईला, पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला बंदी. का? धोट्यात कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं. तोच धोटा आज याच्या तोंडाला, उद्या त्याच्या. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, म्हणून बंदी. आणि ही बंदी घालायला मालकाला काही करावं लागलं नाही, शेजारचा सवर्ण कामगारच ती पाळत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा 'कामगार तेवढा एक' म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली होती. खुद्द बाबासाहेब १९१७ साली अमेरिकेतून, लंडनमधून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तर शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली टाकायचे आणि गावात राहायला खोली मिळेना. हे तुम्हाला माहीत आहे. मी एवढंच म्हणतो की धोटा गेला, गिरणी गेली, त्या जागेवर काच आली. पण जॉबर तिथंच उभा आहे.

पुरावा पाहिजे? हा घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या दोघांनी ऑक्टोबर २००५ पासून इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी. फरक फक्त नावात, एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुसलमान. निष्कर्ष २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची जेवढी शक्यता, तिच्या मानानं दलित नावाला दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश. अर्जदाराचं तोंड कुणी बघितलं नव्हतं, इंग्लिश ऐकलं नव्हतं. नुसत्या नावावर हा निकाल. तेव्हा पुन्हा घरी जाऊन 'माझं इंग्लिश कमी पडलं' म्हणताना हे आठवा. मुसलमान दोस्ताचं काय होत असेल तेही आठवा.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीकडच्या २५ मोठ्या कंपन्यांच्या माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठलं. सगळे म्हणाले, आम्ही फक्त मेरिट बघतो. आणि जवळजवळ सगळेच उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारत होते. बाप काय करतो, घरी कोण शिकलंय, राहता कुठं. म्हणजे जात हा शब्द न उच्चारता जात विचारायची. माझा मालक अडाणी म्हणून त्यानं 'कुठले जाधव' विचारलं. शिकलेला मालक 'टेल मी अबाउट युवर फॅमिली' म्हणतो. इंग्रजीत विचारलं की ते प्रोफेशनल होतं!

सरकारी नोकरी असती तर? घटनेचं १६ वं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. महाराष्ट्रात आपल्याला १३ टक्के आहेत, पण जागा निघतील तर टक्के. २०२३ साली तर बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. सरकारी दार असं अर्धं मिटत चाललं म्हणून आपण खासगी दाराशी उभे आहोत. तिथं 'माझा पैसा, माझी मर्जी'. पण त्या कंपनीच्या दारात येणारा रस्ता कुणाच्या पैशाचा? बँकेचं कर्ज कुणाच्या ठेवीतलं?

आणि मर्जी अगदीच मोकाट नाही. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९७६ च्या दुरुस्तीनं नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याचं कलम ४ काढून वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्या कामावरच्या नोकरीत आडकाठी करणं हा गुन्हा आहे. खासगी मालक त्यातून सुटलेला नाही. कायदा आहे, मग केस का उभी राहत नाही? कारण मुलाखतीचा कागद नसतो. प्रश्न तोंडी, नकार तोंडी, कधी तर नकारही नाही, फोनच येत नाही. माझ्याकडं बघा. मी त्या दिवसाची तारीखसुद्धा लिहून ठेवली नाही. म्हणून आज माझ्याकडं गोष्ट आहे, पुरावा नाही. कंपनीचं नाव मी याच कारणानं घेतलं नाही. घेतलं असतं तर उद्या नोटीस मला आली असती.

म्हणून माझं भाषण इथं घोषणेवर संपत नाही, कामावर संपतंय. वहीत उतरवून घ्या.

एक. मुलाखतीहून आल्यावर त्याच रात्री लिहा. तारीख, वेळ, किती ताटकळत ठेवलं, समोर कोण होतं, काय काय विचारलं. शब्द न् शब्द. जमलं तर दुसऱ्या दिवशी मेल करा, निवड झाली की नाही आणि नाही तर का नाही. उत्तर येणार नाही, पण विचारल्याचा कागद राहील.

दोन. जन्मतारखेला एल.सी. देऊ नका. पॅन कार्ड द्या, जन्मदाखला द्या. जात लपवा असं म्हणत नाही मी. मी लपवून बघितलीय, त्यात काय मिळतं ते सांगितलं. पण ज्या माहितीशी कामाचा संबंध नाही ती त्याच्या हातात फुकट का द्यायची?

तीन. ओरिजिनल कागद कुणाकडं ठेवायचे नाहीत. कुणाकडंच नाही. आईनं हप्ते फेडलेत त्याचे.

चार. हे सगळं लिहिलेलं एकत्र करायचं. प्रत्येक वस्तीत एक रजिस्टर. एका पोराची तक्रार म्हणजे रडगाणं. एकाच कंपनीबद्दल दहा पोरांच्या दहा वेगळ्या तारखांच्या नोंदी म्हणजे वकिलापुढं ठेवायचा कागद. ही मागणी मी या शिबिरापुढं ठेवतो, आजच ठराव करा.

आणि पाचवं. हे कुठल्या रजिस्टरात येत नाही. पुढं तुमच्यातलं कुणी असल्या ऑफिसात खुर्चीवर बसाल. निळा कोट घालून कुणी पाणी घेऊन येईल. तुमच्या चाळीतली असेल, नसेल. त्या वेळी फाइलीत बघू नका. समोर मालक असला तरी उठा, हातातला ग्लास घ्या आणि म्हणा, "काकी, बरी आहेस ना?"

नोकरी गेली तर गेली. माझी तर तशीही गेलीच होती.

जय भीम.